सालीसकट पाच गर

वेंगुर्ल्याच्या बाजारात सुभद्रा आरोलकरच्या तोंडाला सहसा कोणी लागत नसे. नवरा गुरुदास ९८ साली गेला, तेव्हा घरामागचा काजूचा कारखाना विकून ती भावाकडे मुंबईला जाईल असा सगळ्यांचा अंदाज होता. तेराव्याला आलेल्या एका व्यापाऱ्याने तसं विचारलंही. तिने त्याला पोटभर जेवू घातलं, हातावर विडा ठेवला आणि म्हणाली, "बॉयलर उद्या पेटतलो. बी आणून घाल." दुसऱ्या दिवशी बॉयलर खरंच पेटला.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. बी उकडायचा बॉयलर, पायाने दाबायचे आठ कटर, गर सुकवायचा ड्रायर आणि वर लाकडी माळा. कटरवर बसणाऱ्या बायकांच्या बोटांना टरफलाचं तेल लागतं. कातडी काळी पडते, सोलते, नवी येते, तीही सोलते. अशा हातांवर आणखी कसल्या खुणा असल्या तर त्या कोणाच्या नजरेत येत नाहीत. सुभद्राच्या येत. पण तिने कधी विचारलं नव्हतं. कटरवरची गंगू वर्षातून तीन-चारदा विहिरीवर पडायची. एकदा ती मनगट मोडून आली, तेव्हा सुभद्रा म्हणाली, "तुझी ती बाव बुजवून टाकूया काय गो?" शेडमधल्या बायका हसल्या. गंगूही हसली. मग तोंडाला पदर लावून रडायला लागली, ती काही केल्या थांबेना. त्या दिवशी कटर दुपारपर्यंत बंद राहिले.

पुढे दोन वर्षांनी जान्हवी आली. कुडाळला घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी काम करणारी एक लहानशी संस्था होती, तिची ही कार्यकर्ती. वय पंचवीस-सव्वीस, एक जुनी स्कूटी आणि खांद्याला शबनम. वेंगुर्ल्यात आठवड्यातून एक दिवस बसायला तिला जागा हवी होती. देवळाच्या मंडळींनी सभामंडप त्यासाठी नाही असं सांगितलं होतं. शाळेने बघू म्हटलं होतं. उन्हातून दमून ती कारखान्यात पाणी मागायला थांबली आणि सुभद्राने तिच्याकडून सगळं काढून घेतलं.

"वरचो माळो घे, मंगळवारी," सुभद्रा म्हणाली. "बाईल काजूच्या कारखान्यात गेली तर कोण काय इचारणा नाय."

लोकांनी विचारलंच, तर सुभद्राचं उत्तर ठरलेलं होतं. बायका पडतात, मग रजा घेतात आणि आपल्याला रजा परवडत नाहीत. हे ती इतक्या खडूसपणे सांगायची की लोकांना ते पटायचं.

पण माळ्यावर येणाऱ्या बायका मोजक्याच. खरी अडचण होती ती घराबाहेर न पडणाऱ्यांची. सुकवलेल्या काजूगरावर तांबूस साल असते, ती सुरीने अलगद काढावी लागते. हे काम सुभद्रा घरोघर देत असे. बुधवारी आणि शनिवारी तिचा तीनचाकी टेम्पो निघायचा. गुरुदासचा जुना सोबती बाबू तो चालवायचा. एका दारात गराचा भरलेला डबा ठेवायचा, सोललेला डबा उचलायचा, पुढच्या दारात जायचं. डब्याच्या झाकणावर बाईचं नाव. अशी चाळीसेक घरं होती, बहुतेक बंदराकडची. दारात सासू उभी, ओट्यावर नवरा नाहीतर दीर. तिथे बोलायचं काय आणि कसं?

जान्हवीचं म्हणणं, डब्यात चिठ्ठी घालावी. सुभद्रा म्हणाली, चिठ्ठी कोणीही वाचील, आणि निम्म्या बायकांना लिहिता येत नाही. थोडा वेळ ती समोरच्या डब्यात बोटं फिरवत राहिली. मग तिने ठरवलं. ज्या बाईला मदत हवी तिने पाच गर सालीसकट सोडायचे. मोजून पाच. बाकी डबा स्वच्छ. कटरवरच्या बायकांनी हे आपापल्या वाडीतल्या शेजारणींच्या कानात घातलं.

पाच गर आले की पुढचं काम सुभद्राच्या तोंडाचं. टेम्पोत बसून ती स्वतः त्या घरी जायची आणि दारातूनच सुरू व्हायची. हे काय काम आहे, माल फुकट गेला, चल आत्ताच्या आत्ता कारखान्यात, माझ्यासमोर बसून सोल. सासू घाबरायची आणि सुनेला स्वतःच टेम्पोत बसवायची. माळ्यावर जान्हवी थांबलेली असे. तिथून पुढे डॉक्टर, पोलीस, माहेर, जसं ज्याचं असेल तसं. चार वर्षांत पाच गर सहा वेळा आले. सहाही जणी आज जिवंत आहेत. बाबूला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. वयनी चिडल्या की बायका उचलून आणतात, एवढंच त्याला ठाऊक.

अक्षदाचा डबा २००४ च्या दिवाळीनंतर सुरू झाला. ती मूळची कुणकेश्वरची, रामचंद्र नावाच्या होडीवाल्याची थोरली मुलगी. वय तेवीस. नवरा यतीन ट्रॉलरवर खलाशी. घरात सासू नर्मदा आणि ही. चाळीस डब्यांत हिचा डबा झाकण काढताच ओळखू यायचा. गरावर सुरीचा ओरखडा नाही, पाकळी सुटलेली नाही आणि सालीचा एक कण नाही. सुभद्रा कोणाची स्तुती करण्यातली नव्हे. पण अक्षदाचा डबा तपासायच्या टेबलावर आला की ती कटरवरच्या बायकांना हाक मारून दाखवायची, "बघा गो, काम ह्येका म्हणतत."

फेब्रुवारीत अक्षदा सासूला काहीतरी सांगून माळ्यावर आली. तेव्हा तिने जान्हवीला सांगितलं, की ट्रॉलर समुद्रात असला की बरं असतं. तो घरी असला की मारतो, आणि जून लागला की होड्या वर ओढतात, मग नारळी पौर्णिमेपर्यंत तो घरीच. मागच्या पावसाळ्यात त्याने तिला दोन दिवस कोंडून ठेवलं होतं. जान्हवीने तिला जूनच्या आधी माहेरी जायला सांगितलं. अक्षदा नाही म्हणाली. मे महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न होतं. थोरली नवरा सोडून परत आली असं कळलं असतं, तर ते मोडलं असतं. लग्न होऊ दे, लगेच जाणं बरं दिसणार नाही, पावसाळा काढते, मग जाईन, असं तिचं म्हणणं. जाताना सुभद्राने तिला पाच गरांचं समजावून सांगितलं. ती हसून म्हणाली, "काकी, माका साल सोडूक जमाचा नाय."

पावसाळ्यात काजूगराचं एक वागणं असतं. ड्रायरमधून काढला तेव्हा साल कुरकुरीत असते, बोट लावलं की सुटते. पण जुलैच्या हवेत गर पाणी ओढतो आणि साल पुन्हा चिकटून बसते. सुरीने खरवडली तर गर तुटतो, म्हणून बायका असे गर तसेच सोडतात. प्रत्येक डब्यात आठ-दहा. दरवर्षी जुलैत सुभद्रा हे राहिलेले गर टेबलावर वेगळे काढायची, पुन्हा थोडे तापवायची आणि स्वतः सोलायची. म्हणजे ज्या दोन महिन्यांत बंदराकडचे पुरुष घरी असत, त्याच दोन महिन्यांत खूण वाचता येत नसे. हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. जान्हवीला काजूतलं कळत नव्हतं. सुभद्राला कळत होतं. तिने दोन गोष्टी एकमेकींशेजारी कधी ठेवून पाहिल्या नाहीत, इतकंच.

२००५ च्या जुलैत, एका बुधवारी संध्याकाळी टेबलावर सदतीस डबे होते. अक्षदाच्या डब्यात सालीसकट पाच गर निघाले. सुभद्राने ते बाजूला काढले, तव्यावर शेकले आणि सोलून परत डब्यात टाकले. तिला जरा वाईट वाटलं, की ह्या पोरीचाही हात आता ढिला पडला. शनिवारी बाबू फेरीला निघाला तेव्हा तिने निरोप दिला, अक्षदाला सांग, पाच गर सालीचे राहिले होते, हात जड झाला काय, नीट बघून सोलायला सांग.

बाबूने निरोप दारात उभं राहून दिला. तो मोठ्याने बोलतो, त्याला कमी ऐकू येतं.

सोमवारी सकाळी बातमी आली. अक्षदा शनिवारी संध्याकाळी विहिरीच्या चिऱ्यांवरून घसरून पडली, डोक्याला मार लागला, वेंगुर्ल्यातून तिला गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेलंय. शुद्धीवर होती तेव्हा डॉक्टरांनी तिला विचारलं होतं. नर्मदा उशाशी उभी होती. "पाय घसरलो," अक्षदा म्हणाली. मंगळवारी ती गेली. रामचंद्र कुणकेश्वराहून तीन एसट्या बदलून पोहोचला, तेव्हा तिला खाली शवागारात नेलेलं होतं.

सुभद्रा टेबलाजवळ बसून होती. बाबू आत आला, दाराशीच घुटमळला आणि सांगू लागला, की शनिवारी एक विचित्र झालं. निरोप दिला तशी पोर घरात पळाली आणि चपला घालून बाहेर आली. काखेत कपड्यांची पिशवी. टेम्पोच्या मागच्या फळीला हात लावून उभी राहिली. यतीन ओट्यावरच होता.

"मी म्हटलंय, तू खंय चललंस गो? तुका बोलवूक नाय," बाबू म्हणाला. "फक्त नीट सोल म्हणान सांगल्यानी. तरी ती फळी सोडी ना, वयनी. मगे यतीनान तिचो हात धरून तिका आत नेल्यान."

 बाबू उभाच होता, त्याला जा म्हणायलाही ती विसरली. मंगळवार असल्यामुळे जान्हवी माळ्यावर होती. थोड्या वेळाने ती खाली आली. सुभद्राने तिला सगळं सांगितलं, बुधवारचे पाच गर, तवा, निरोप, पिशवी, एकापाठोपाठ एक, जसं गिऱ्हाइकाला मालाचे प्रकार सांगावेत तसं. जान्हवी पायरीवर बसली आणि रडायला लागली. सुभद्राला रडू आलं नाही. त्या आठवड्यात कोणाला शिवी दिलेलीही कोणी ऐकली नाही.

रामचंद्रने तक्रार केली. यतीनला अटक झाली. खटला उभा राहायला दोन वर्षं गेली. तेवढ्या काळात पोलिसांच्या जबाबात सुभद्राने एवढंच सांगितलं होतं, की अक्षदा आपल्याकडे काम करायची आणि नवरा मारतो असं एकदा म्हणाली होती. गरांचं तिने सांगितलं नाही. पुरावा म्हणून उरलं काय? अक्षदा स्वतःच पाय घसरला म्हणाली होती. जान्हवीच्या साक्षीला आरोपीचा वकील उडवून लावणार, संस्थेच्या बायका असंच बोलतात म्हणून. सरकारी वकिलांनी सुभद्राला बोलावून विचारलं, त्या आठवड्यात अक्षदाने कोणाकडे मदत मागितली होती, असं सांगणारं कोणी आहे का? बाहेरचं, संस्थेचं नसलेलं?

सुभद्रा उद्या सांगते म्हणाली.

ते सांगायचं तर खूण भर कोर्टात फुटणार. वर्तमानपत्रात येणार. घरोघरचे नवरे आणि सासवा डब्यात बोट घालून बघणार. न सांगावं तर यतीन मोकळा सुटणार. त्या दिवशी दुपारी माळ्यावर सात-आठ बायका जमल्या. गंगूचं म्हणणं सरळ होतं, सांगून टाक. ती आता नवऱ्यापासून वेगळी राहत होती, तिला भिण्यासारखं काही नव्हतं. सुगंधा मात्र भिंतीला टेकून गप्प बसली होती. तिचा नवरा शिवा रापणीवर, किनाऱ्यावरून जाळं ओढायला, जायचा. दोन वर्षांपूर्वी तिच्या डब्यातून पाच गर आले होते, आणि चार दिवस माहेरी राहून ती परत नांदायला गेली होती.

"तू बोललंस काय दुसऱ्या दिवशी आमच्या दारातलो डबो जातलो," ती शेवटी म्हणाली. "मगे मी खंय सांगू? कोणाक सांगू?"

"अक्षदाचा काय करूचा?" गंगूने विचारलं.

"ती मेली गो. आमी जिती आसो."

 सुभद्रा उठली. गुडघे धरून, एकेक पायरी मोजत ती माळ्यावरून खाली उतरली. सुगंधा बोलली त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, हे तिला कळत होतं. पण खूण जुलैत चालत नाही, हेही आता तिला कळलेलं होतं. नवी खूण काढता आली असती. ती काढली असती, तर कोर्टात मागची सांगायला काय हरकत होती? तेही तिने करून पाहिलं होतं मनात. कुठलीही खूण वाचायला शेवटी टेबलाशी तीच बसणार होती. आणि तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास राहिला नव्हता.

जिल्हा कोर्टात ती साक्षीला उभी राहिली तेव्हा नीट शाळेतल्यासारखं मराठी बोलत होती. खूण कशी ठरली, सहा वेळा काय झालं, ते तिने क्रमाने सांगितलं. यतीन समोर होता. जेलमध्ये तो वाळला होता. अंगात नवा शर्ट होता. आरोपीच्या वकिलाने शांतपणे सुरुवात केली.

"जुलै महिन्यात किती डब्यांमध्ये सालीचे गर राहतात?"

"सगळ्यांमध्ये."

"मग या पाचांमध्ये वेगळं काय होतं?"

"अक्षदाच्या डब्यात कधी राहत नव्हते."

"असं तुम्हाला त्या दिवशी वाटलं?"

"नाही. त्या दिवशी नाही वाटलं."

"ते गर आता कुठे आहेत? तुम्ही त्यांचं काय केलंत?"

सुभद्राने कठड्यावरचे हात उचलून पुढे धरले, जसे टेबलावर धरायची तसे.

"सोललंय," ती म्हणाली. "ह्या हातांनी सोललंय. तिना माका सांगल्यान आणि मी ता सोलून टाकलंय." न्यायाधीशांनी तिला पाणी देण्यास सांगितलं. तिने पाणी घेतलं नाही. वकिलाने आणखी प्रश्न नाहीत म्हटलं, आणि बाहेर जाताना तो कोणाला तरी म्हणाला, की बाईने माझंच काम केलं.

तसंच झालं. खून शाबीत झाला नाही. छळ शाबीत झाला, तीन वर्षं. त्यातली अडीच यतीनने आतच काढली होती. २००८ च्या गणपतीआधी तो घरी आला आणि दिवाळीत पुन्हा ट्रॉलरवर गेला. रामचंद्र निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर सुभद्राला भेटला. त्याने तिला दोष दिला नाही. पोरगी तुमच्याकडचं काम आवडीने करायची, एवढं म्हणाला आणि स्टँडच्या वाटेला लागला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सुभद्राने नंतर जान्हवीला सांगितलं.

डबे मात्र निकालापर्यंतही थांबले नव्हते. साक्षीची बातमी छापून आली आणि आठ दिवसांत एकेचाळीस घरांतून सव्वीस डबे रिकामे परत आले. पहिला आला तो शिवाने स्वतः सायकलवर बांधून आणलेला. त्याने तो टेबलावर आपटला आणि असली चिठ्ठी-चपाटी आमच्या घरात नको म्हणून सांगितलं. बाजारात लोक आता सुभद्रासमोरही बोलायला लागले होते. घरं मोडायची फॅक्टरी, असं कोणीतरी नाव पाडलं. मंगळवारी माळ्यावर जान्हवी एकटी बसून असायची, फार तर गंगू.

डबे परत आल्यानंतरच्या पहिल्याच बुधवारी बाबू टेम्पोत उरलेले पंधरा डबे भरत होता. सुभद्रा येऊन त्याच्या शेजारी बसली. आधी सुगंधाकडे घे, म्हणाली. तिथला डबा बंद झालाय, अशी बाबूने आठवण करून दिली. तिने हातानेच रस्ता दाखवला. त्याने टेम्पो घेतला.

शिवा ओट्यावर जाळं सांधत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"काम नको म्हणान सांगलंय ना तुमका?"

"काम घेवन नाय इलंय. तिका बघूक इलंय."

"कित्याक?"

"जिती आसा काय बघूक. बोलव भायर."

बाबूने इंजिन बंद केलं. शेजारच्या दोन दारांतून बायका डोकावल्या, एक म्हातारा काठी टेकत कुंपणापाशी येऊन थांबला. एवढ्या लोकांसमोर काय करावं हे शिवाला सुचेना. तो नुसता सुई हातात धरून राहिला. आतून सुगंधा आली आणि उंबऱ्यावर उभी राहिली. सुभद्रा ओट्याच्या पायरीवर चढली, तिचा चेहरा पाहिला, मान पाहिली. डाव्या हाताच्या बांगड्या वर सरकवल्या. मनगट सुजून हिरवंपिवळं झालं होतं.

सुगंधाने हात ओढून घेतला. डोळ्यांत पाणी होतं ते रागाचं. "बघलंस?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "आता जा."

सुभद्रा शिवाकडे वळली. आवाज तिने मुद्दाम चढवला, कुंपणावरच्या म्हाताऱ्याला आणि पलीकडच्या घरांनाही ऐकू जाईल इतका.

"डावो हात सुजलो आसा हिचो. फुडल्या बुधवारी मी येतलंय. त्येच्या फुडल्याय बुधवारी येतलंय. तुझ्या दारात उभी रवान सगळ्यांका सांगतलंय, खंय सुजला आणि खंय मोडला ता."

शिवा उठला. बाबूही टेम्पोतून खाली उतरला, इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल हातात घेऊन. दोघे जण तसेच उभे राहिले. सुगंधा आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

सुभद्रा पायरी उतरली. मग ती टेम्पोत येऊन बसली. आता पुढे कुठे, असं बाबूने विचारलं. तिने परत आलेल्या सव्वीस डब्यांतलं दुसरं नाव सांगितलं.